दूध काढत नाही, वासरं गायीखालीच वाढवतो, नवीन वळू कुठल्या जातीचा घ्यावा?

कुरणकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय कारण आता निर्णय पुढे ढकलता येत नाहीये. माझ्याकडे ३२ गायी आहेत, त्यातल्या ७ पहिलारू कालवडी. एकाही गायीचं दूध काढत नाही, सगळं दूध वासरालाच, वासरू ७-८ महिने आईमागे कुरणात फिरतं, मग दूध तोडतो आणि विकतो. बहुतेक गायी अँगस आणि हेरफर्ड या मांसाच्या जातींच्या संकरातल्या आहेत, काळ्या अंगाच्या पांढऱ्या तोंडाच्या, आणि ९ गायींमध्ये निम्मं सिमेंटल रक्त आहे.

माझा आत्ताचा वळू अँगस आहे, पाच वर्षांचा, अगदी गरीब जनावर, त्याची वासरं विताना कधीच त्रास झाला नाही. पण आता त्याच्याच मुली माजावर यायला लागल्यात, या ७ कालवडींपैकी ५ त्याच्याच आहेत, म्हणजे त्याला काढावाच लागणार.

मागच्या हंगामात काय केलं तेही सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. ओळखीतल्या एकाचा मोठा पांढरा शारोले वळू दोन महिन्यांसाठी आणला होता, बघूनच मन भरेल असा, आणि विचार न करता कालवडींसकट सगळा कळप त्याच्यापुढे सोडला. मोठ्या गायींची वासरं सुंदर झाली, दूध तोडताना बाकीच्यांपेक्षा सरळ सरळ वजनदार होती. पण दोन कालवडी अडल्या. एकीचं वासरू ओढून काढलं पण ते उठलंच नाही, दुसरीचं जगलं पण ती कालवड नंतर कितीतरी महिने माजावरच आली नाही. त्या रात्री तिच्याजवळ बसून होतो, अजून आठवतं, त्यामुळे आता घाईने काही करायचं नाही असं ठरवलंय.

आता कोणी म्हणतं लिमोझाँ घे, कोणी म्हणतं सिमेंटल, कोणी परत शारोलेच म्हणतं, एकाने बेल्जियन ब्लू सुचवला. वळू एकच ठेवायचा आहे, दोन पोसणं जमणार नाही. कुठली जात घ्यावी आणि का ते जरा सविस्तर सांगा.

जुनी_दावण

दादा, कालवडींचं वाचून वाईट वाटलं. असं एकदा सगळ्यांच्याच वाट्याला येतं आणि मग माणूस वळूच्या पाठीकडे बघायच्या आधी त्याचा कागद बघायला लागतो.

तुमच्या प्रश्नाआधी एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर आधी ठरवा. या वळूपासून होणाऱ्या कालवडी तुम्ही ठेवणार आहात की सगळी वासरं विकणार आहात? सगळं याच्यावरच आहे. सगळीच विकायची असतील तर वाढ जोरात असलेली जात घ्या, शारोले घ्या, लिमोझाँ घ्या, त्यांच्या मुलींना दूध किती येईल, त्या थोराड होतील का, चारा किती खातील याची काळजीच करायची नाही. पण कालवडी ठेवणार असाल तर तुम्ही नुसता वळू घेत नाही, पुढच्या दहा वर्षांच्या गायी घेताय हे लक्षात ठेवा.

साधा हिशेब बघा. वळूकडून वासरात निम्मं रक्त येतं. त्याची मुलगी ठेवली, तिला दुसरा वळू लावला, तिची मुलगी ठेवली, तिला तिसरा वळू लावला, तर तिसऱ्या पिढीच्या त्या कालवडीत साडेसत्त्याऐंशी टक्के रक्त त्या तीन वळूंचं असतं. तुम्ही सुरुवातीला कुठल्या गायी घेतल्या होत्या ते फार उरतच नाही. म्हणून कळप कसा होणार ते वळू ठरवतो.

आणि आत्ताचा वळू काढताय ते अगदी बरोबर आहे, एकदा बाप-लेकीचा संबंध झाला की वासरात अंतःप्रजननाचं प्रमाण २५ टक्क्यांवर जातं, वासरं किरकोळ होतात, मरतुक वाढते. कितीही गरीब असला तरी तो आता दुसऱ्याच्या कळपात गेलेला बरा.

बेल्जियन ब्लूचं म्हणाल तर तुमच्यासारख्या कळपात शुद्ध जातीचा वळू नैसर्गिक पैदाशीला नको असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यात स्नायूंची वाढ रोखणारं जे जनुक असतं ना, मायोस्टॅटिन, ते बिघडलेलं असतं म्हणून ते दुहेरी पुठ्ठे दिसतात. हे जनुक १९९७ मध्ये सापडलं. संकरात जनुकाची एकच बिघडलेली प्रत येते त्यामुळे विताना शुद्ध जातीइतका त्रास होत नाही हे खरं, पण तुम्ही आत्ताच पोळलाय आणि रात्री उठून बघायला दुसरं कोणी नसेल तर कशाला.

वजनकाटा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. कुरणकाठ भाऊ, तुमचीच पोस्ट परत वाचा. मोठ्या गायींना शारोलेची वासरं सुंदर झाली असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे चूक शारोलेची नव्हती, चूक कालवडी त्याच्यापुढे सोडण्यात होती. कालवडी बाजूला ठेवल्या असत्या तर आज तुम्ही हा प्रश्नच विचारला नसता.

वासरं विकून जगायचं असेल तर काट्यावर किती भरतं तेच मोजलं जातं. दूध तोडताना जास्त वजन, पुढे खाऊ घालणाऱ्यालाही जास्त वाढ मिळते म्हणून तो परत तुमच्याकडेच येतो. शारोलेची अजून एक खूण म्हणजे रंग, काळ्या गायीला शारोले लावला की वासरू राखाडी धुरकट होतं, लाल गायीला लावला की मलईसारखं पिवळसर, आणि विकत घेणारे लांबून ओळखतात हा कोणाचा आहे ते. मी अकरा वर्षं शारोलेच लावतोय आणि गाभण कालवडी बाहेरून विकत आणतो. घरची एकही ठेवत नाही. सोपं गणित आहे, डोक्याला ताप नाही.

जुनी_दावण

वजनकाटा भाऊ, तुमचं गणित तुमच्या कळपाला बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण बाहेरून कालवडी आणायच्या म्हणजे दरवर्षी दुसऱ्याच्या गोठ्यातला रोगही आणायची शक्यता, आणि पाहिजे तशी गाय मिळेलच असं नाही. आणि एक, यांची कुरणं कशी आहेत आपल्याला माहीत नाही. गाय वर्षभर जे खाते त्यातलं बहुतेक तिचा स्वतःचा जीव जगवण्यातच जातं, वासराकडे जातो तो थोडा भाग. चुकून शारोलेच्या थोराड मुली कळपात ठेवल्या गेल्या की तेवढ्याच कुरणावर गायी कमी बसतात. हे लोक विसरतात, कारण वासराचं वजन दिसतं, गायीच्या पोटात गेलेला चारा दिसत नाही.

कुरणकाठ

दोघांचेही आभार, खूप उपयोगी पडलं. तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतो. कालवडी मी घरच्याच ठेवतो, दरवर्षी साधारण ५-६ लागतात, म्हाताऱ्या किंवा गाभण न राहिलेल्या गायी काढतो त्यांच्या जागी. बाहेरून आणायची मनापासून भीती वाटते, एकदा आणलेल्या जनावरांबरोबर आजार आला होता आणि गाभ टाकण्याची रांग लागली होती. कुरण मध्यम आहे, उन्हाळ्यात कमी पडतं, हिवाळ्यात वाळलेला चारा देतो. खुराक फार देत नाही. आणि मी बहुतेक वेळ एकटाच असतो, कधी कधी मुलगी मदतीला येते, त्यामुळे वळू मारका नको, ही अट पहिली.

पशुवैद्य_ताई

नमस्कार, मी जनावरांची डॉक्टर आहे आणि माझ्या कामातल्या अर्ध्या रात्री अडलेल्या कालवडींपाशी जातात त्यामुळे मला जातीपेक्षा दुसऱ्याच गोष्टी आधी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट, जात म्हणजे नुसता सरासरीचा अंदाज. एकाच जातीत दोन वळू इतके वेगळे निघतात की विचारू नका. शारोलेमध्ये सोपे विणणारे वळू आहेत आणि अँगसमध्येही जड वासरं देणारे आहेत. म्हणून वळूच्या पैदाशीच्या नोंदींतले आकडे बघायचे. वासराचं जन्मवजन बऱ्यापैकी आनुवंशिक असतं, साधारण ४० टक्के, म्हणजे ते आकडे भरवशाचे. विण्याची सुलभता मात्र तेवढी आनुवंशिक नसते म्हणून तिथे आकड्याशेजारी अचूकता किती टक्के लिहिलीय तेही बघा, तरुण वळूची अचूकता कमीच असणार, त्याच्या लेकरांची नोंद अजून झालेलीच नसते.

इथे एक घोळ नेहमी होतो. काही ठिकाणी ईबीव्ही लिहितात, काही ठिकाणी ईपीडी. ईबीव्ही हा वळूचा स्वतःचा आनुवंशिक आकडा, वासरात त्याचा निम्मा उतरतो. ईपीडी हा आधीच निम्मा केलेला असतो. समजा एका वळूचा जन्मवजनाचा ईबीव्ही अधिक ६ किलो आणि दुसऱ्याचा अधिक २ किलो, तर त्यांच्या वासरांत सरासरी फरक ४ किलोचा नाही, २ किलोचा पडेल. आणि एका जातीचे आकडे दुसऱ्या जातीच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करू नका, प्रत्येक जातीची शून्याची रेघ वेगळी असते. अँगसचा अधिक २ आणि शारोलेचा अधिक २ हे एक नाहीत.

दुसरी गोष्ट दिवसांची. सगळे वजनाचं बोलतात, गाभण काळाचं कोणी बोलत नाही. गायीचा सरासरी गाभण काळ २८३ दिवस धरतात. अँगसची वासरं त्याच्या दोन-तीन दिवस आधीच येतात, शारोले आणि लिमोझाँची २८८-२८९ दिवसांपर्यंत जातात. आता वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून २८३ गेले की ८२ उरले. दरवर्षी त्याच सुमाराला वासरू पाहिजे असेल तर व्यायल्यापासून ८२ दिवसांत गाय परत गाभण राहिली पाहिजे. २८९ दिवस लागले तर हातात ७६ च. वासरू सतत पीत असलेली गाय माजावर यायला उशीर लावते, चांगल्या अंगाची असली तरी दीड-दोन महिने सहज जातात, हडकलेली असेल किंवा पहिल्या वेताची असेल तर त्याहून जास्त. माज २१ दिवसांनी येतो, म्हणजे लांब गाभण काळ असलेल्या वळूमागे कित्येक गायींना एकच संधी मिळते. तुमची ती दुसरी कालवड माजावर आली नाही ना, त्यात अडल्याचा मार होता, पहिलं वेत होतं, आणि बहुधा अंगही उतरलेलं असणार.

कालवडींबद्दल अगदी ठाम सांगते. मोठ्या वयात जेवढं वजन होणार त्याच्या ६० ते ६५ टक्के भरल्याशिवाय भरवू नका, म्हणजे वळूही नको आणि रेतनही नको. आणि त्यांना विण्याला सोपा, अचूकता जास्त असलेला वळू लागतो, म्हणजे जवळजवळ नेहमी कृत्रिम रेतनच, कारण हजारो वासरांची नोंद असलेल्या वळूचं सिमेन मिळतं, असा वळू स्वतः विकत घेणं शक्य नसतं. शेवटच्या तीन महिन्यांत वासरू लहान राहावं म्हणून कालवडीला उपाशी ठेवायचं असं अजून काही लोक करतात, कृपा करून करू नका. वासराचं वजन थोडंसंच घटतं पण कालवड अशक्त होते, कळा द्यायला ताकद राहत नाही, चीक कमी येतो, आणि परत माजावर यायला महिनोन्महिने. आणि पाणमोट फुटून पाय दिसायला लागले आणि तासाभरात काहीच पुढे सरकलं नाही तर वाट बघू नका, डॉक्टरला बोलवा. ओढाओढीत उशीर झाला की वासरू जिवंत निघूनही उठत नाही, पीत नाही. तुमचं तसंच झालं असणार.

कुरणकाठ

ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून बराच वेळ गप्प बसलो. मी दीड तासाहून जास्त वाट बघितली होती. मला वाटलं ती स्वतः विणेल. पुढच्या वेळी नाही बघणार.

उन्हातला_कळप

मी बऱ्याच उष्ण भागात असतो त्यामुळे माझा अनुभव तुमच्या उपयोगाचा आहे की नाही माहीत नाही पण संकराबद्दल एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे ब्राह्मण नावाच्या गुरांच्या जातीच्या रक्ताशिवाय चालत नाही. ही जात अमेरिकेत तयार झाली पण मूळ भारतातलंच, गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातल्या जनावरांपासून. वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, सैल कातडी, उन्हात चरत राहतात, गोचीड कमी लागतात. वशिंडवाली आणि बिनवशिंडाची जनावरं एकमेकांपासून इतकी लांबची आहेत की त्यांच्या संकराचा जोम, म्हणजे संकरित जनावर आईबापांच्या सरासरीपेक्षा सरस निघणं, सगळ्यात जास्त दिसतो.

पण गंमत बघा, हा संकर कुठून करता त्यावर वासराचं वजन ठरतं. बिनवशिंडाच्या गायीला ब्राह्मण वळू लावला तर वासरू जड होतं, गायी अडतात. उलट ब्राह्मण गायीला अँगस लावला तर वासरू छोटं येतं, गाय सहज विते. रक्त दोन्हीकडे निम्मं-निम्मंच, तरी असं. मी आधी पहिली चूक केली होती, आता ब्राह्मण संकराच्या गायी आणि अँगस वळू असं चालवतोय. तुमचा भाग थंड असेल तर तुम्हाला यातलं काही नको. कुठला वळू घ्यायचा हे हवेवरही असतं एवढंच.

जुनी_दावण

वरच्या भाऊंनी जोमाचा विषय काढला ते बरं झालं, कुरणकाठ दादा तुमचं उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं.

संकराचा जोम कशात दिसतो? ज्या गुणांवर रक्ताचा जोर कमी असतो त्यातच, म्हणजे गाभण राहणं, वासरू जगणं, गाय जास्त वेतं टिकणं. मांसाच्या गुणात फारसा फरक पडत नाही. आणि लोक समजतात जोम म्हणजे संकरित वासरू, पण मोठा हिस्सा संकरित आईचा असतो. अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या प्रयोगांत वळूपुढे सोडलेल्या दर गायीमागे दूध तोडतानाचं वजन एकूण २३ टक्क्यांच्या आसपास वाढलं होतं, त्यातला साधारण साडेआठ टक्के वाटा वासरू संकरित असल्याचा आणि जवळपास पंधरा टक्के आई संकरित असल्याचा. तुमच्या त्या काळ्या पांढऱ्या तोंडाच्या गायी म्हणजे सोनं आहे, अँगस-हेरफर्डचा पहिला संकर. तो जोम पुढच्या पिढीत घालवू नका. परत अँगस लावला की वासरात निम्मा जातो, हेरफर्ड लावला तरी निम्मा जातो. तिसरी जात आणली की वासरात पूर्ण राहतो. दोन जाती आलटून पालटून लावत राहिलं तर शेवटी दोन-तृतीयांश जोम टिकतो, तीन जाती फिरवल्या तर ८६ टक्के.

तर तिसरी जात कुठली? तुम्हाला मुली ठेवायच्यात, एकटे आहात, कुरण मध्यम आहे. मी सिमेंटल म्हणेन, किंवा सालेर किंवा ओब्राक. सालेरच्या गायींचा कटीचा मार्ग मोठा असतो, विण्याला सोप्या म्हणून नाव आहे. ओब्राक काटक, काळे टणक खूर, डोंगरात चालणारी. पण या दोन जातींचे वळू सगळीकडे मिळत नाहीत आणि ओब्राकचं सिमेन मिळालं तरी निवडायला चार नावं पण नसतात. सिमेंटलमध्ये निवड भरपूर. तिथे धोका एकच, दूध. जुन्या दुभत्या रेषेतला वळू घेतला तर त्याच्या मुलींना इतकं दूध येतं की तुमच्या उन्हाळ्यातल्या कुरणावर त्या हडकतील, आणि हडकली की माज लांबला. म्हणून सिमेंटल घ्या पण दुधाचा आकडा मधला आणि गायीचा आकार मध्यम असलेला. मोठं वजन दिसलं म्हणून भुलू नका.

लिमोझाँबद्दल विचारलंत म्हणून, वाईट जात मुळीच नाही. हाड बारीक, मांस जास्त, विण्याला शारोलेपेक्षा सोपं. त्यांच्यातही मायोस्टॅटिनचा एक वेगळा प्रकार सगळीकडे आहे पण तो सौम्य, त्याने विण्याला त्रास होत नाही. पण काही घराण्यांत जनावरं बुजरी तापट असतात, तुम्ही एकटे आणि मुलगी मदतीला, म्हणून घ्यायचा झाला तर स्वभावाचा आकडा बघूनच. स्वभाव पण आईबापांकडून उतरतो, सवयीने सगळं बदलत नाही.

वजनकाटा

सिमेंटलला माझा विरोध नाही, कालवडी घरच्या ठेवायच्या म्हणजे ते बरोबरच आहे. पण त्या ९ गायी ज्यांच्यात आधीच निम्मं सिमेंटल आहे त्यांना परत सिमेंटल लावलं तर जोम अर्ध्यावर येतो, तुमच्याच नियमाने. त्या ९ ला शारोलेचं सिमेन भरा. त्या मोठ्या गायी आहेत, दूध चांगलं, वासरं काट्यावर दणका देतील, आणि ती सगळी विकायची, एकही कालवड ठेवायची नाही. रंगावरून ओळखायला पण सोपी, चुकून ठेवली जाणार नाहीत.

कुरणकाठ

हे आवडलं मला. म्हणजे गायींना सिमेंटल वळू, कालवडींना अँगसचं सिमेन (पण माझ्या वळूशी नातं नसलेल्या), आणि त्या ९ ला शारोलेचं सिमेन. पण कुरणात चरणाऱ्या गायींना रेतन कसं जमणार, माज कोण बघणार दिवसभर? दूध काढणाऱ्यांच्या गायी दोन वेळा हाताखाली येतात, माझ्या तर दोन दोन दिवस लांबूनच दिसतात.

पशुवैद्य_ताई

अडचण खरी आहे, म्हणूनच दूध न काढणारे लोक रेतनापासून लांब राहतात. पण तुम्हाला १६ जनावरंच करायची आहेत, ७ आणि ९. ती वेगळ्या कुंपणात घ्या, जवळ. डॉक्टरांकडून माज एकत्र आणण्याचा कार्यक्रम करून घ्या, प्रोजेस्टेरॉनचं साधन साधारण ७ दिवस योनीमार्गात ठेवून काढतात, सोबत इंजेक्शनं, आणि मग ठरलेल्या वेळी रेतन. दिवसभर माज बघत बसावं लागत नाही. माज बघूनच करायचं असेल तर सकाळी दिसला की संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळ्या एका फेरीत राहणार नाहीत हे धरून चाला. न राहिलेल्या मोठ्या गायी नंतर सिमेंटलपुढे सोडा, चालेल. कालवडी मात्र सिमेंटलपुढे सोडू नका, त्यांना दुसऱ्यांदा सिमेनच, आणि तरी राहिल्या नाहीत तर विकून टाका. कालवड लवकर गाभण राहत नसेल तर ती पुढेही तशीच वागते.

आणि आता वळूबद्दल, जात कुठलीही घ्या, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पैदाशीची तपासणी करून घ्या. पंधरा महिन्यांपर्यंतच्या वळूच्या अंडकोषाचा घेर किमान ३० सेंटिमीटर लागतो, दोन वर्षांवरच्याचा ३४. वीर्यात किमान ७० टक्के शुक्राणू आकाराने ठीक आणि किमान ३० टक्के पुढे सरकणारे पाहिजेत. खूर, गुडघे, मागच्या पायांचा कोन बघा, लंगडा वळू चढतच नाही. फार लठ्ठ केलेला, विक्रीसाठी चोळूनमोळून उभा केलेला वळू बघून हुरळून जाऊ नका, अंडकोषाच्या वर चरबी साठली की ते थंड राहत नाहीत, शरीरापेक्षा चार-पाच अंश थंड राहिले तरच वीर्य चांगलं बनतं, आणि असा वळू कुरणात आला की महिन्यात हडकतो.

शुक्राणू तयार व्हायला दोन महिने लागतात, म्हणून वळूला ताप येऊन गेला असेल तर आज ठणठणीत दिसतो पण त्याचा परिणाम पुढे दिसतो. हंगामाच्या निदान दोन महिने आधी आणा, पहिले तीन-चार आठवडे वेगळा ठेवा, बीव्हीडी, ब्रुसेला, जोन्स, आयबीआर या संसर्गजन्य रोगांची तपासणी करा. तुमच्याकडे गाभ टाकण्याचा प्रकार आधी होऊन गेलाय म्हणून हे दोनदा सांगते. वापरलेला वळू घेतला तर ट्रायकोमोनास आणि व्हिब्रिओ या वळूकडून गायीला लागणाऱ्या जंतूंची पण, वय वाढलेल्या वळूच्या शिश्नावरणाच्या घड्यांमध्ये ते वर्षानुवर्षं लपून राहतात, वळू आजारी दिसत नाही आणि गायी उलटत राहतात, म्हणजे परत परत माजावर येतात. ज्याने कधीच गाय बघितली नाही असा तरुण वळू घेतला तर ती भीती नाही. पण मग पहिल्या वर्षी त्याच्यापुढे १५-२० गायीच.

कुरणकाठ

ताई, १६ गायी सिमेंटलच्या वाट्याला येतात, बरोबर बसतंय.

एक शेवटचं, माझ्या गायींपैकी काहींना शिंगं आहेत, आणि शिंगं जाळायचं काम मला अजिबात आवडत नाही, वासरं ओरडतात ते सहन होत नाही. सिमेंटलमध्ये भुंडे मिळतात का?

जुनी_दावण

मिळतात, आणि विचारून घ्याच. भुंडेपणा वरचढ असतो, वळूच्या दोन्ही प्रती भुंड्या असतील तर शिंगवाल्या गायीलाही सगळी वासरं भुंडीच होतात. एकच प्रत असेल तर शिंगवाल्या गायीची निम्मी वासरं शिंगवाली. विकणाऱ्याकडे जनुकाची चाचणी असते, कागद मागा. नुसतं "भुंडा आहे" यावर विश्वास ठेवू नका.

आणि दादा, वळू बघायला जाल तेव्हा त्याची आई बघा. आहे का अजून कळपात, किती वेतं झाली, कास कशी आहे, सड जाड आहेत का, दोन वेतांत अंतर किती. आकडे महत्त्वाचे आहेतच, पण तुम्ही त्याच्या मुली ठेवणार आहात आणि त्यांच्यात त्याच्या आईचेही गुण उतरतील. सडाने जाड असली तर नवीन वासरू पहिल्या दिवशी तोंडात धरू शकत नाही, चीक राहून जातो, मी स्वतः असे दोन वळू काढून टाकलेत.

कुरणकाठ

परवा एक सिमेंटल बघून आलो. चौदा महिन्यांचा, भुंडा, चाचणीत दोन्ही प्रती भुंड्या. घेर ३५ सेंटिमीटर. जन्मवजनाचा आकडा जातीच्या सरासरीच्या खाली, दुधाचा अगदी मधला. त्याची आई सातव्या वेताची, कास आवळ, वासरू खाली होतं तरी हात लावू दिला. मालक म्हणाला मुलीला घेऊन या, तिने दावं धरून फिरवून बघू दे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना घेऊन परत जातोय तपासणीला, रक्ताचे रिपोर्ट आले की कळवतो.

त्या मागच्या हंगामातल्या कालवडीला, जी माजावर येत नव्हती तिला, काल संध्याकाळी कुंपणाजवळ दुसरी गाय चढत होती आणि ती स्थिर उभी होती. आज सकाळीच भरवली.